दोरीचं वरचं टोक

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचं ३६ वं कलम वाचायला रूक्ष होतं, पण त्यात एक दोरी होती. टाकी, हौद, खड्डा, मोठा नळ, धुराडं, अशा ज्या बंदिस्त जागेत घातक वायू असण्याची शक्यता आहे तिथे माणसाला उतरवायचं असेल, तर आधी जाणकारानं हवा तपासून लेखी दाखला द्यायचा. तो नसेल तर उतरणाऱ्यानं श्वसनयंत्र लावायचं, पट्टा बांधायचा आणि त्या पट्ट्याच्या दोरीचं मोकळं टोक बाहेरच्या माणसानं धरून ठेवायचं. वर उभ्या असलेल्या, वरवर पाहता काहीच न करणाऱ्या माणसाची कायद्यानं इतकी स्पष्ट नोंद घ्यावी, हे मला नेहमी विशेष वाटत आलं आहे. बंदिस्त जागेतल्या कामाचं प्रशिक्षण नावाचा जो प्रकार आज मैलापाण्याच्या खात्यांत, रसायनांच्या कारखान्यांत आणि अग्निशमन दलांत चालतो, त्याचा गाभा अजूनही हा बाहेरचा माणूस आहे. खाली कसं उतरावं हे शिकवायला फार वेळ लागत नाही. खालचा साथीदार कोसळला असताना वरच्यानं आत न जाणं, हे शिकवायला लागतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात वाकडी गाव आहे. एप्रिल २०२४ मध्ये तिथे बायोगॅसच्या शेणाचा खड्डा म्हणून वापरल्या जाणाऱ्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एकजण उतरला आणि वर आला नाही. त्याच्यासाठी दुसरा गेला, दुसऱ्यासाठी तिसरा. असे सहाजण उतरले, पाच गेले. जो वाचला त्याच्या कमरेला दोर होता. या घटनेत ना कंत्राटदार होता, ना महापालिका. एकमेकांवर जीव असलेली माणसं होती, आणि म्हणूनच ती एकामागून एक खाली गेली. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेनं १९८६ मध्येच सांगून ठेवलं होतं की बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून बरेच जास्त, साठ टक्क्यांच्या वर, वाचवायला गेलेले असतात. नंतरच्या पाहण्यांत हा आकडा खाली आला. पण वाकडीला तो काय सांगत होता हे सहज कळतं.

पहिला कोसळतो ते कशानं? गावाकडे याला ‘गॅस लागला’ म्हणतात, आणि पुढचं सगळं त्या दोन शब्दांत गुंडाळलं जातं. प्रत्यक्षात तिथे दोन वेगळे शत्रू असतात. एक म्हणजे ऑक्सिजनची उणीव. बाहेरच्या हवेत तो २०.९ टक्के असतो. साडेएकोणीसच्या खाली गेला की जागा धोक्याची मानतात, दहाच्या खाली माणूस शुद्ध हरपतो. बंद टाकीत तो खायला फार काही लागत नाही. कुजणारा गाळ खातो, टाकीच्या लोखंडी भिंतीवर चढणारा गंजही खातो. आणि यातली खरी फसवणूक शरीराची आहे. आपल्याला गुदमरल्यासारखं होतं ते रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, ऑक्सिजन घटल्यामुळे नव्हे. कमी ऑक्सिजनच्या हवेत श्वास नेहमीसारखा आत-बाहेर होत राहतो, छाती भरून आल्यासारखी वाटत नाही, आणि गुडघे एकदम दुमडतात. ‘बरं वाटेनासं झालं की वर येईन’ असं म्हणून उतरणाऱ्याला ते वाटणारच नसतं.

दुसरा शत्रू हायड्रोजन सल्फाइड, कुजक्या अंड्याच्या वासाचा. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग झाले की मापकाचा भोंगा वाजायला हवा. शंभराच्या आसपास नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. वास येत होता, आता येत नाही, म्हणजे हवा मोकळी झाली, असा समज करून घेण्याची नेमकी वेळ. पाचशेच्या पुढे काही मिनिटांत शुद्ध जाते, त्याहून जास्त असेल तर दोन-चार श्वासांत. शिवाय हा वायू शांत पडलेल्या गाळात अडकून असतो. झाकण उघडून मोजलं तेव्हा सगळं ठीक, मग माणूस उतरतो, फावडं गाळात घालतो, आणि सोड्याच्या बाटलीचं बूच काढावं तसा तो उसळतो. म्हणून मापक उतरण्यापूर्वी एकदा दाखवण्यापुरता नसतो, तो काम संपेपर्यंत अंगावर चालू ठेवायचा असतो. जुने लोक आडाचा गाळ काढण्याआधी पेटता दिवा सोडून बघत. ऑक्सिजनपुरती ती तपासणी खरी होती. हायड्रोजन सल्फाइड तिला कळत नसे, आणि मिथेन असलेल्या चेंबरवर तोच दिवा जीव घेईल, कारण हवेत पाच टक्के मिथेन झाला की ठिणगी पुरते. कारखाना कायदा अशा जागेत चोवीस व्होल्टच्या वरचा हातदिवा नेऊ देत नसे.

चांगला शिक्षक या गोष्टी फळ्यावर फार वेळ ठेवत नाही. मापक हातात देतो. चार वायूंचा छोटा डबा, त्याला लांब नळी आणि पंप. नळी आधी तोंडाशी, मग मध्यावर, मग तळाशी; कारण मिथेन वर तरंगतो आणि सल्फाइड खाली बसतो. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, कारण तळाची हवा नळीतून डब्यापर्यंत यायला वेळ लागतो आणि घाईत माणूस वरचीच हवा मोजून मोकळा होतो. आधी ऑक्सिजन वाचायचा, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. या क्रमालाही कारण आहे. ज्वलनशील वायू ओळखणारा नेहमीच्या वापरातला संवेदक स्वतःच ऑक्सिजनवर चालतो. ऑक्सिजन कमी असेल तर तो खोटं सांगतो. तोंडावर बांधलेला रुमाल किंवा गाळणीचा मास्क यांचा इथे उपयोग नाही, हे वेगळं सांगावं लागतं. गाळणी हवा गाळते, ऑक्सिजन बनवत नाही. इथे बाहेरून नळीनं आलेली किंवा पाठीवरच्या सिलिंडरमधली हवाच लागते.

नंतर येतात तिपाई आणि विंच. सत्तर किलोचा बेशुद्ध माणूस दोन हातांनी अरुंद तोंडातून वर ओढून बघा, म्हणजे विंच कशाला ते कळतं. कमरेच्या पट्ट्यानं ओढलं तर शरीर मधे दुमडतं आणि तोंडाशी अडकतं. म्हणून आता पूर्ण अंगाचा हार्नेस, दोरी खांद्यांमागच्या कडीला, म्हणजे माणूस उभाच वर येतो. वर्गात हे पुतळ्यावर करतात, आणि मग जिवंत साथीदारावर. त्यानं खाली गेल्यावर हाकेला उत्तर देणं बंद करायचं. वरच्यानं काय करायचं? विंच फिरवायचा, हाक द्यायची, मदतीला फोन करायचा, तोंडाच्या आत पाय टाकायचा नाही. सराव आहे हे माहीत असूनही पाय पुढे जातोच. मेंदूला ऑक्सिजन नसताना हातात चार ते सहा मिनिटं असतात, अग्निशमन दलाची गाडी तेवढ्यात येईलच असं नाही. म्हणून तिपाई माणूस उतरायच्या आधी उभी हवी, अपघातानंतर आणायची वस्तू ती नव्हे. आणि वरच्या माणसाला दुसरं कुठलंच काम द्यायचं नाही. त्याला ‘जरा पाणी घेऊन ये’ म्हणून पाठवलं की सगळी व्यवस्था कागदावर राहिली.

हे सगळं इंदूरच्या संदर्भात लिहावंसं वाटण्याला कारण आहे. देशातल्या सर्वांत स्वच्छ शहराचा मान २०१७ पासून सलग अनेक वर्षं इंदूरला मिळाला, ऑगस्ट २०२१ मध्ये ते देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरलं. त्यासाठी कान्ह आणि सरस्वती या नद्यांकडे जाणाऱ्या नाल्यांत उघडी सुटलेली मैलापाण्याची हजारो तोंडं बंद करून ते पाणी भूमिगत वाहिन्यांत वळवावं लागलं. वर दिसणारी घाण गेली ती जमिनीखाली. आणि जमिनीखालच्या वाहिनीला चेंबर असतात, ते चोक होतात. केंद्रानं १९ नोव्हेंबर २०२० रोजी, जागतिक शौचालय दिनी, २४३ शहरांत ‘सफाईमित्र सुरक्षा चॅलेंज’ सुरू केलं: माणूस न उतरवता जेटिंग आणि सक्शन यंत्रांनी सफाई, प्रशिक्षित पथकं, तक्रारीसाठी १४४२० हा क्रमांक. २०२१ च्या निकालात आपापल्या लोकसंख्येच्या गटांत वरच्या शहरांत इंदूर, नवी मुंबई, नेल्लोर आणि देवास होती. होळकरांचं इंदूर आणि पवारांचं देवास मैलापाण्याच्या यादीत एकत्र आलेलं पाहून इथल्या मराठी माणसाला थोडं हसू आणि थोडा अभिमान, दोन्ही वाटावं.

सफाई कामगाराला मान देण्याची गोष्ट इंदुरात नवी नाही. पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश नगररचनाकार पहिल्या महायुद्धाच्या काळात होळकर दरबारासाठी शहराचा आराखडा करत होता. त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ चा. प्लेगच्या दिवसांत त्यानं दिवाळीची मिरवणूक शहर स्वच्छ करण्याच्या कामी लावली आणि तिच्यात झाडूवाल्यांना पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, हार घालून चालवलं. मिरवणूक छान होती. पण मिरवणुकीचं स्वरूप असं की ती वर्षातून एक दिवस निघते, आणि पुरस्कारांचंही काहीसं तसंच. शहराच्या पोटात काय आहे हे मधूनच कळतं. ३० मार्च २०२३ ला, रामनवमीच्या दिवशी, पटेल नगरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात लोक ज्या फरशीवर बसले होते तिच्याखाली जुनी बावडी होती. स्लॅब कोसळला, ३६ जण गेले. महूहून लष्कर आलं, पाणी उपसत रात्रभर शोध चालला. तो वायूचा अपघात नव्हता, पण वर स्लॅब टाकून विसरलेली विहीर ही बंदिस्त जागाच असते, फक्त तिची नोंद कुठे नसते. आणि २०२५ च्या डिसेंबरअखेर इंदूरच्याच भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळून माणसं दगावली, तेव्हा जमिनीखालचा प्रश्न पुन्हा वर आला.

या व्यवसायात उतरणारे कोण, हे न सांगता लेख पुढे नेणं अप्रामाणिकपणाचं होईल. इंदुरापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या महूत बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. तरी ज्या जातींवर हे काम लादलं गेलं त्याच आजही मोठ्या प्रमाणात खाली उतरतात. २०१३ च्या कायद्यानं संरक्षणाशिवाय गटार वा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्यावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबाला दहा लाख द्यायला सांगितलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते तीस लाख केले. तरी सरकारनं संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत ३७७ जण मेले.

त्यातल्या २०२२ आणि २०२३ च्या ५४ मृत्यूंचं सामाजिक लेखापरीक्षण झालं. ४९ जणांच्या अंगावर संरक्षणाचं काहीही नव्हतं. आवश्यक ते प्रशिक्षण दिल्याचं एकाच प्रकरणात आढळलं. आणि ३८ जण सुटे, त्या कामापुरते बोलावलेले होते. या शेवटच्या आकड्यापाशी प्रशिक्षणाबद्दलची माझी तक्रार सुरू होते. वर्ग भरतात ते महापालिकेच्या हजेरीपटावरच्या माणसांसाठी, किंवा पिथमपूरसारख्या औद्योगिक वसाहतीत रिॲक्टर आणि टाक्या साफ करणाऱ्यांसाठी, जिथे परवान्याचा कागद, सुरक्षा अधिकारी आणि तपासणीची भीती असते. मरणारा बहुधा त्या पटावर नसतोच. शहराच्या कडेच्या वसाहतीत, ड्रेनेजची लाइन अजून न पोचलेल्या घराचा सेप्टिक टँक भरतो. मालक ओळखीच्याला फोन करतो. तो भावाला किंवा मुलाला घेऊन येतो. तिथे वरचा माणूस म्हणजे तो मुलगा. मापक नाही, तिपाई नाही, आणि घरमालक व्हरांड्यातून ‘लवकर आटपा’ म्हणतो आहे.

म्हणून मला वाटतं, या वर्गात पहिल्या बाकावर सोसायटीचा सेक्रेटरी आणि घरमालक बसायला हवेत. त्यांना विंच शिकवायची गरज नाही. त्यांना शिकायचंय एवढंच, की टँक भरला तर सक्शनची गाडी मागवायची, आणि ‘तळाला गाळ राहिलाय, जरा उतरून काढ’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. कारण गाडीनं ओढून झाल्यावर राहिलेल्या त्या वीतभर गाळासाठीच माणूस उतरवला जातो.

प्रशिक्षित कामगारासमोरही एक अडचण उरते, ती कुठल्याही मापकात दिसत नाही. भोंगा वाजला की काम थांबवायचं आणि वर यायचं, हे त्याला पाठ असतं. वरच्या माणसाला ‘आज उतरणं नाही’ म्हणण्याचा अधिकार असतो, असं त्याला सांगितलेलं असतं. पण कंत्राटी माणसाची रोजी कामावर असते, आणि ब्लोअर लावून हवा मोकळी होईपर्यंत दोन-तीन तास गेले तर त्या तासांचा रोज कोण देणार, याबद्दल कंत्राटाच्या करारात सहसा ओळ नसते. निविदा काढताना ती घालता येते. थांबण्याचे तास मोजून त्यांचे पैसे धरता येतात, मापक आणि तिपाईचं भाडं वेगळं दाखवता येतं, म्हणजे सर्वांत कमी दराच्या स्पर्धेत कंत्राटदार आधी त्याच वस्तू कापणार नाही. हे काम लेखा विभागाचं आहे.