कार्ड खिशात, पैसे गायब

मुलांनो, आता बोरी बुद्रुकमध्ये बसूनही मोबाईलवर खरेदी करता येते. त्यासाठी कार्ड दाखवावे लागत नाही. त्यावरचे आकडे लागतात. चोरालाही आकडेच हवे असतात. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेची नकली कार्डे वापरून चोरांनी 28 देशांतील एटीएममधून सुमारे 78 कोटी रुपये काढले. खरी कार्डे मात्र ग्राहकांजवळच होती.

म्हणून पिन, ओटीपी आणि कार्डामागचे तीन आकडे कोणालाही सांगू नयेत. बँक ते फोनवर कधीच विचारत नाही.

तरीही पैसे गेले, तर लाजू नये. लगेच बँकेला सांगून कार्ड बंद करावे आणि 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. चोराने पैसे काढण्यापूर्वी कळवले, तर ते वाटेतच अडवता येतात. उशीर केला, तर ‘बैल गेला नि झोपा केला’ अशी गत होते.