करवत सुरू होते, पण चालत का नाही?

१६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले, तेव्हा देवगड, मालवण आणि वेंगुर्ले तालुक्यांत ठिकठिकाणी झाडे रस्त्यांवर, घरांवर आणि वीजवाहिन्यांवर कोसळली. अशा वेळी गावात सर्वप्रथम शोध सुरू होतो तो झाडे कापण्याच्या यंत्राचा. कुणी त्याला चेन सॉ म्हणतो, कुणी वुड कटर, तर बहुतेकांच्या तोंडी नुसताच ‘कटर’. परंतु वर्षातले अनेक महिने मांगराच्या कोपऱ्यात पडून राहिलेले हे यंत्र नेमक्या गरजेच्या वेळी एक ठरावीक दुखणे दाखवते. दोरी ओढताच ते सुरू होते, दोन-चार क्षण फुरफुरते आणि बंद पडते. मुळीच सुरू न होणाऱ्या यंत्रापेक्षा असे यंत्र अधिक फसवे. ठिणगी पडते आहे, पेट्रोल पोहोचते आहे, म्हणजे दोष किरकोळच असणार, असा समज होतो आणि हात थेट कार्बोरेटरच्या स्क्रूकडे वळतो.

यंत्राचा घात बहुधा येथेच होतो. कटरचे इंजिन टू-स्ट्रोक असते. मोटारगाडीप्रमाणे त्यात वंगणाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच पिस्टनला वंगण पुरवते. (पाते आणि साखळी यांच्यासाठीचे तेल निराळे, त्याचा इंजिनाशी संबंध नाही.) पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशी स्थिती झाली की वंगणही कमी पडते आणि उष्णताही वाढते. पूर्ण रेस दिल्यावर हे इंजिन मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेते. त्या वेगात वंगण तुटले, तर काही मिनिटांत पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो. मग शंभर-दोनशे रुपयांच्या जाळीसाठी बंद पडणारे यंत्र हजारो रुपयांच्या दुरुस्तीचे होऊन बसते. त्यामुळे ‘एच’ अक्षराचा स्क्रू आवळून यंत्राला थोडा वेळ जोर आला, तरी तो बरे झाल्याचा पुरावा मानू नये. स्क्रू आपणहून सहसा फिरत नाहीत. कालपर्यंत ज्या जुळणीवर यंत्र चालत होते, त्याच जुळणीवर आज चालत नसेल, तर बदल दुसरीकडे कुठेतरी झालेला असतो.

पहिला संशय टाकीवर

बदल कुठे झाला, याचे उत्तर किनारपट्टीवर बहुतेक वेळा टाकीतच मिळते. देशात जून २०२२ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. ज्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि समुद्राची दमट हवा बारमाही असते, तेथे अर्धवट भरलेल्या टाकीत काय होत असेल याची कल्पना करता येते. ओलाव्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. वंगणाचे तेल मात्र वर पेट्रोलमध्येच राहते. टाकीतील नळीच्या टोकाची जाळी वजनदार असते. यंत्र कसेही कलले तरी तिने तळाशी राहावे, अशीच तिची रचना असते. अर्थात ती नेमका तोच तळाचा, तेल नसलेला थर ओढते. इंजिन बंद पडते हे अशा वेळी एका परीने त्याचे नशीबच!

याची परीक्षा सोपी आहे. टाकीतील इंधन स्वच्छ काचेच्या बाटलीत ओतावे, झाकण लावावे आणि विस्तवापासून दूर सावलीत काही तास ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला किंवा सारे इंधन गढूळ दिसले, तर ते या यंत्रात पुन्हा वापरू नये. इंधन एकसंध दिसले तरी त्याचे वय विचारात घ्यावेच. तेल मिसळलेले पेट्रोल साधारण महिनाभरात वापरून संपवावे, असे उत्पादक सांगतात. अनेक यंत्रांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलची मुभा असते, म्हणून विकत घेताना आणि वापरताना ती पुस्तिका एकदा नजरेखालून घालणे इष्ट. इथेनॉलमुळे कार्बोरेटरमधील पातळ पडदा आणि रबरी नळ्या कडक होतात किंवा फुगतात. कटरच्या कार्बोरेटरमध्ये स्कूटरप्रमाणे तरंगता फ्लोट नसतो. यंत्र आडवे-उलटे धरूनही चालावे यासाठी तेथे हा पडदाच पंपाचे काम करतो. तो ताठर झाला की इंधन हव्या त्या प्रमाणात पुढे जात नाही.

मिश्रणाच्या प्रमाणाबाबत अजूनही बरीच ढिलाई दिसते. टू-स्ट्रोक स्कूटरच्या काळात पेट्रोल पंपावरच तेल घालून मिळत असे, त्यामुळे अंदाजाने तेल ओतण्याची सवय जडली. ५० भागांस १ भाग हे प्रमाण सांगितले असेल, तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल लागते; २५ भागांस १ भाग असेल, तर ४० मिलिलिटर. औषधाच्या बाटलीचे मापही त्यासाठी पुरते. तेल कमी झाले तर पिस्टन जातो. जास्त झाले तर प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काजळीने बुजते. धूर बाहेर पडायला वाट उरली नाही, की यंत्र मंद गतीत चालते, पण रेस घेत नाही. तारेच्या ब्रशने जाळी घासली की हे दुखणे जाते.

केव्हा बंद पडते, तेथे दोष

टाकी रिकामी करून ताजे मिश्रण भरल्यावरही यंत्र चालत नसेल, तर ते नेमके केव्हा बंद पडते याकडे लक्ष द्यावे. चोक ओढून दोरी ओढल्यावर एकदा ‘भक्’ असा आवाज येतो आणि सारे शांत होते. तो आवाज येताच चोक अर्धा सोडायचा असतो. तो न सोडता दोरी ओढत राहिले, तर प्लग पेट्रोलने भिजतो. प्लग काढून पुसावा, स्विच बंद ठेवून दोरी आठ-दहा वेळा ओढावी आणि सिलिंडर कोरडा होऊ द्यावा. प्लगच्या दोन टोकांतील अंतर बहुतेक यंत्रांत ०.५ मिलिमीटर असते. टोक विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी पडत आहे असे समजावे.

मंद गतीत चालणारे, पण रेस देताच गुदमरणारे यंत्र बहुधा इंधनाची किंवा हवेची जाळी तुंबल्याचे सांगत असते. माडाचा भुसा बारीक व तंतुमय, त्यात तांबड्या मातीची धूळ. हवेची जाळी दिवसातून एकदा झटकली नाही तर तिचा चिखल होतो. टाकीतील जाळी वाकवलेल्या तारेने तोंडातून बाहेर काढता येते. ती धुण्यापेक्षा बदललेली बरी.

सर्वांत चकवणारा प्रकार म्हणजे पाच-दहा मिनिटे उत्तम चालून मरणारे यंत्र. थोडा वेळ थांबले की ते पुन्हा सुरू होते, आणि मग अनेक जण यंत्र ‘तापते’ एवढेच म्हणून सोडून देतात. टाकीतून जेवढे पेट्रोल जाते, तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठीचे बारीक छिद्र भुशाने बुजले, तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. यंत्र बंद पडताच, ते जरा निवू देऊन, टाकीचे झाकण हलकेच सैल करावे. हवा आत खेचली गेल्याचा आवाज आला आणि यंत्र लगेच चालू लागले, तर दोष त्या छिद्राचाच. तसे झाले नाही, तर गरम असतानाच ठिणगी तपासावी. गरम असताना नाहीशी होणारी आणि गार झाल्यावर परतणारी ठिणगी कॉइलकडे बोट दाखवते. मात्र नवी कॉइल घेण्याआधी प्लगची टोपी आणि स्विचच्या तारांची टोके पाहावीत. खाऱ्या हवेने तेथे हिरवट गंज चढलेला असतो आणि कानसपट्टीने खरवडताच कॉइलचा खर्च वाचतो.

यंत्र कलते केल्यावर रेस आपोआप वाढून बंद पडत असेल, तर मात्र घरगुती उपाय थांबवावेत. तेथे नळीला किंवा इंजिनाच्या सीलला तडा जाऊन बाहेरची हवा आत शिरत असते. हे काम गॅरेजचे.

लाकडात शिरल्यावरच बंद पडते, मोकळ्यावर चालते, अशी तक्रार आली तर दोष इंजिनाचा नसण्याचाही संभव असतो. साखळी बोथट झाली की भुग्याऐवजी पिठासारखी पूड पडते आणि इंजिनावर विनाकारण भार येतो. वादळात पडलेल्या झाडात आणखी एक गोष्ट घडते. फांद्यांवर किंवा तारांवर टेकलेल्या खोडात ताण साठलेला असतो. कापताच फट मिटते आणि पाते चिमटले जाते. अशा वेळी रेस वाढवून पाते सोडवू नये. यंत्र बंद करून फटीत पाचर ठोकावी. वीज खात्याने तार बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय त्या झाडाला हातच लावू नये. बंद पडणाऱ्या यंत्राचा खरा धोकाही येथेच असतो. खोडावर उभे राहून, एका हातात यंत्र धरून, दुसऱ्या हाताने दोरी ओढण्याचा मोह होतो. यंत्र जमिनीवर ठेवून, साखळीचा ब्रेक लावून, मागच्या मुठीत पाय रोवून मगच दोरी ओढायची असते.

पावसाळा संपल्यावर टाकी रिकामी करावी आणि कार्बोरेटरमधले उरलेले पेट्रोल संपून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू द्यावे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात ताजे मिश्रण भरून ते दहा मिनिटे चालवून पाहावे, पाच मिनिटे थांबावे आणि गरम असतानाच पुन्हा सुरू करावे. गार यंत्र बहुधा सुरू होतेच. परीक्षा त्या दुसऱ्या वेळेची असते.