वेलणकरचा राग आपला कसा होतो

गोरेगावकराला शूटिंगचं अप्रूप नाही. पश्चिमेला फिल्मिस्तान स्टुडिओ, पूर्वेला १९७७पासूनची चित्रनगरी. सेटवरचं घर मागून नुसतं प्लायवूड असतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तरीही मागच्या पावसाळ्यात सोसायटीच्या हॉलमध्ये ‘अर्धसत्य’ लावला, तेव्हा शेवटी दिवे लावायला कुणी उठेना. हातून खून झालेल्या फौजदारात माणसं एवढी गुंततात कशी?

१९८३चा हा हिंदी चित्रपट मुळात मराठी मातीतला. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. ओम पुरींचा सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर चोरीच्या संशयावरून आणलेल्या माणसाला कोठडीत जीव जाईपर्यंत मारतो. हा प्रसंग सुरुवातीलाच आला असता, तर त्याला राक्षस ठरवून आपण मोकळे झालो असतो. तेंडुलकर घाई करत नाहीत. आधी वेलणकरचे अपमान एकेक करून आपल्या पदरात टाकतात. पकडलेले गुंड वरून फोन आला की सोडायचे. डाकू याने पकडायचा, श्रेय दुसऱ्याच्या नावावर. त्याही मागे, आईला मारणारा पोलीस बाप आणि नुसता बघत राहिलेला मुलगा. यातलं काहीतरी आपणही ऑफिसात नाहीतर घरात गिळलेलं असतं. त्यामुळे त्याचा हात उठतो, तेव्हा त्यात आपलाही राग असतो. मार खाणारा मात्र गुंडांचा म्होरक्या रामा शेट्टी नसतो, एक फाटका माणूस असतो. तिथे आपल्याला आपलीच भीती वाटते. चित्रपटाची खरी पकड मला तिथे दिसते.

एक प्रसंग बारकाईने पाहा. हॉटेलात वेलणकरची मैत्रीण ज्योत्स्ना (स्मिता पाटील) त्याला दिलीप चित्रे यांची कविता वाचायला देते. तो वर्तमानपत्र वाचावं तशी सुरुवात करतो. चार ओळींनंतर आवाज जड होतो, चेहऱ्यावरचं हसू विरतं. संवादातून हा माणूस जे कधीच कबूल करणार नाही, ते दुसऱ्याच्या शब्दांनी त्याच्याकडून वदवून घेतलं आहे. चित्रपटाचं नावही त्याच कवितेतलं.

सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी आवाज चढवत नाही, म्हणून तो जास्त खरा वाटतो. शेवटी वेलणकर त्याला मारतो आणि सरळ पोलिसांपुढे हजर होतो. आमच्या हॉलमध्ये टाळी पडली नाही.

पुन्हा पाहाल तेव्हा रामा शेट्टीला विसरा. कोठडीतल्या त्या माणसाकडे बघा.