ओझ्याचा हिशेब

रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या ओल्या जुड्या डोक्यावर घेऊन बांधीच्या धुऱ्यावरून चालणाऱ्या बाईला विचारा, "बाई, भार किती घेतलास?" ती किलोत उत्तर देणार नाही. "पेलंल तेवढा," असे म्हणेल. उत्तर अगदी खरे आहे. पण ते अपुरेही आहे. उचलताना पेललेला भार दोन फर्लांग गेल्यावर पेलेलच असे नाही, आणि आज पेललेला भार दहा वर्षांनी कंबर मागून घेतो. म्हणून ओझ्याचा हिशेब उचलण्यापूर्वी करायचा असतो. हा हिशेब आपण एका खेळाच्या निमित्ताने समजून घेऊ. खेळ परदेशातला आहे, पण आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेत तो खडू, फळा आणि एक फासा एवढ्यावर मांडता येईल.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. यात पट नाही, सोंगट्या असल्याच पाहिजेत असेही नाही. चारपाच जण एकत्र बसतात. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. "समोर भुयार आहे, आत अंधार आहे, काय करता?" असे सांगणारा विचारतो, आणि ज्याचे त्याने आपल्या पात्राच्या वतीने उत्तर द्यायचे. आपल्या दंडारीत किंवा झाडीपट्टीच्या नाटकात माणूस सोंग घेतो, तसेच हे सोंग. फक्त संवाद आधी लिहिलेले नसतात.

आता गंमत पाहा. गोष्ट कल्पनेची, राक्षस कल्पनेचे, तरी पात्राच्या पाठीवरची पिशवी मात्र खरी धरलेली असते. निघताना प्रत्येकाने सामानाची यादी करायची: दोर, मशाली, पाण्याची पखाल, आठवड्याचा शिधा, लोखंडी मेखा, भुयारात चाचपण्यासाठी लांब काठी. आणि यादी मनाला येईल तेवढी वाढवता येत नाही. पात्राचे बळ आकड्यात ठरलेले असते. जुन्या पद्धतीत तीन फासे टाकून ते काढत, म्हणजे कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १८. सामान्य माणसाचे बळ १० धरतात. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीचा नियम असा, की बळाला १५ ने गुणावे. जितके येतील तितके पौंड त्या पात्राला वाहता येतात. दहाला पंधराने गुणले की १५० पौंड, म्हणजे सुमारे ६८ किलो.

ऐकणारा कोणीही हमाल म्हणेल, हा नियम घरी बसलेल्यांनी केला असावा! ६८ किलो पाठीवर घेऊन डोंगर चढायचा आणि वर राक्षसाशी लढायचे, हे काही खरे नव्हे. म्हणून त्याच नियमांत, ज्यांना हवा त्यांनी घ्यावा असा, आणखी एक बारीक हिशेब दिला आहे. बळाच्या पाचपटीपेक्षा, म्हणजे सामान्य माणसाच्या बाबतीत सुमारे २३ किलोपेक्षा, ओझे वाढले की चाल मंदावते. दहापटीच्या, म्हणजे सुमारे ४५ किलोच्या, वर गेले की पात्र जेमतेम सरपटते आणि झुंजीतही कमी पडते. हा नियम शहाणपणाचा आहे. ओझे तोलता आले म्हणजे काम झाले असे नाही. ते घेऊन चालायचे असते आणि पोचल्यावर कामही करायचे असते.

ही गोष्ट आपल्या इतिहासाला नवी नाही. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला थोरल्या बाजीरावाने निजामाला कोंडीत धरले, ते हलक्या घोडदळाच्या जोरावर. निजाम आपली जड तोफखान्याची साधने मागे ठेवून पाठलागाला निघाला आणि पाण्यावाचून अडकला. उलट १७६१ साली पानिपतावर भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर बुणगे आणि यात्रेकरू यांचा मोठा पसारा होता. त्या सर्वांच्या पोटाची काळजी फौजेलाच वाहावी लागली. पराभवाची कारणे पुष्कळ होती, हे खरे. पण सोबत किती घ्यायचे हा प्रश्न रणांगणावर पोचण्याआधीच उभा राहतो, हे दोन्ही प्रसंगांत दिसते.

जनावराच्या ओझ्याला तर आपल्याकडे कायद्यानेच माप घालून दिले. १९६५ च्या केंद्रीय नियमांत पाठीवर ओझे वाहणाऱ्या जनावरांची मर्यादा दिली आहे: गाढवाला ५० किलो, तट्टाला ७०, लहान बैलाला १००, खेचराला २००. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, आणि पारा ३७ अंशांवर चढणाऱ्या भागात उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये, असेही त्यात म्हटले आहे.

माणसाचे काय? १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने शिफारस केली, की प्रौढ पुरुषाला नेहमीच्या कामात ५५ किलोपेक्षा जास्त ओझे वाहायला लावू नये. स्त्रियांची आणि अल्पवयीन मुलांची मर्यादा त्याहून पुष्कळ कमी असावी. त्या काळी धान्याचे पोते क्विंटलाचे, म्हणजे १०० किलोचे असे. भाताच्या गिरण्यांच्या या जिल्ह्यात तशी पोती पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढणारी माणसे जुन्या लोकांनी पाहिली आहेत. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी आणि हमाल कामगारांसाठी कायदा झाला. आता धान्याचे पोते साधारणपणे ५० किलोचे असते. एका पोत्याची दोन झाली, यामागे माणसाच्या कण्याचा विचार आहे.

ओझे किती, याबरोबरच ते कसे घेतले हेही पाहावे लागते. आपली कावड घ्या. दोन्ही टोकांना भार सारखा असला की धिवर बांधवाची चाल कशी लयीत पडते! एका टोकाला जास्त झाला की खांदा दुखतो आणि पाऊल वाकडे पडते. डोक्यावरचे ओझे चुंबळीवर ठेवतात, कारण भार टाळूच्या एका जागी न पडता पसरतो आणि मान सरळ राहते. १९८६ साली केनियातील स्त्रियांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणापासून डोक्यावर ओझे वाहणाऱ्या त्या स्त्रिया आपल्या वजनाच्या पाचव्या भागापर्यंत भार जवळजवळ जादा श्रमाशिवाय नेत, असे त्यात आढळले. त्याच्या पुढे मात्र श्रम वाढत गेले. म्हणजे सवय असलेल्या शरीरालाही पाचव्या भागाशी एक उंबरठा आहे. आणि मानेच्या मणक्यांवरचा भार काही सवयीने नाहीसा होत नाही.

आता गुरुजी आणि बाई, खेळ वर्गात मांडू या. सहावी-सातवीच्या मुलांचे चारपाच जणांचे गट करा. गोष्ट अशी: सालेकशाकडच्या जंगलातून दोन दिवसांची पायवाट आहे, शेवटी एक काल्पनिक टेकडी आहे, आणि तिच्यावर अडकलेल्या माणसांना औषध पोचवायचे आहे. कोणी वाटाड्या, कोणी धिवर, कोणी परिचारिका, कोणी वनरक्षक. प्रत्येक पात्राचे वजन ठरवा आणि नियम करा, की ओझे वजनाच्या पाचव्या भागापलीकडे गेले तर तो गट दर टप्प्याला एक घर मागे राहील.

वनरक्षकाचे वजन ६० किलो धरले, तर मर्यादा १२ किलो. चार लिटर पाणी, म्हणजे ४ किलो. पाण्याचा हिशेब सोपा, एका लिटरला एक किलो. दोन दिवसांचे तांदूळ आणि डाळ १ किलो, गंज १ किलो, घोंगडी २ किलो, दोर १ किलो, कुऱ्हाड दीड किलो, बॅटरी अर्धा किलो, औषधाची पेटी अर्धा किलो. बेरीज करा: साडेअकरा. उरला अर्धा किलो. आता फासा टाका. दोन आले, तर वाटेतला झरा आटलेला. आणखी पाणी घ्यायला हवे होते. पाच आले, तर वाटेत पाय मुरगळलेला माणूस भेटला. त्याचे गाठोडे कोण घेणार? कुऱ्हाड टाकायची की घोंगडी? रात्री थंडी पडली तर? मुले भांडतील. भांडू द्या, पण प्रत्येकाने "का" ते सांगितले पाहिजे, एवढा दंडक ठेवा.

दुसऱ्या दिवशी मुलांच्या आपोआप ध्यानात येते, की पाणी प्यायल्यावर ओझे घटते, दोराचे मात्र घटत नाही. आणि गटातल्या प्रत्येकाने कुऱ्हाड घेण्याची गरज नव्हती. एकाने कुऱ्हाड, दुसऱ्याने गंज, तिसऱ्याने दोर, असे वाटून घेतले असते तर सगळ्यांना पाणी जास्त नेता आले असते. सहकाराचा धडा यापेक्षा सोप्या रीतीने शिकवणे कठीण. बेरीज, शेकडेवारी, अपूर्णांक हे सगळे मधल्यामध्ये होऊन जाते, हा वरकड लाभ.

खेळ संपला की शेवटचे पात्र पुढे आणा. ते पात्र म्हणजे स्वतः मूल, आणि ओझे म्हणजे दप्तर. मर्यादा इथे पाचव्या भागाची नाही, दहाव्या भागाची आहे. कारण हाडे अजून वाढायची आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली असे ठरवले, की दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड असू नये. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातही हेच प्रमाण आहे: पहिली-दुसरीला जास्तीत जास्त २ किलो २०० ग्रॅम, तिसरी ते पाचवीला अडीच किलो, सहावी-सातवीला तीन किलो.

गावातल्या दुकानदाराचा काटा एक दिवस शाळेत आणा. आधी मूल तोला, मग दप्तर. २२ किलोच्या मुलीला २ किलो २०० ग्रॅमच चालतात. रिकामी पिशवीच ७०० ग्रॅमची आणि पाण्याची भरलेली बाटली तेवढीच असेल, तर पुस्तकांना उरले ८०० ग्रॅम. उपाय दिसतो तो हाच: शाळेत पिण्याचे चांगले पाणी ठेवा आणि बाटली रिकामी येऊ द्या. वेळापत्रकात ज्या दिवशी जो विषय, त्याचेच पुस्तक आणायला सांगा. जाड वह्यांऐवजी पातळ वह्या चालवा. पिशवीचे दोन्ही पट्टे खांद्यावर घ्यायला लावा, जड पुस्तक पाठीला चिकटून ठेवा, आणि पिशवी कमरेखाली लोंबू देऊ नका. आईबापांनीही आठवड्यातून एकदा दप्तर उपडे करून पाहावे. जुन्या वह्या, खडे, चिंचोके असे पुष्कळ निघते!

या विषयाची दखल थोरामोठ्यांनीही घेतली आहे. 'मालगुडी'चे लेखक आर. के. नारायण यांनी १९८९ साली राज्यसभेत मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावरच भाषण केले. पुढे प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ साली अहवाल दिला. दप्तराचे वजन वाईटच, पण शिकवलेले न समजण्याचे ओझे त्याहून जड, असा त्याचा मथितार्थ होता.

तेव्हा श्रोतेहो, कल्पनेतल्या योद्ध्याच्या पाठीवर किती पौंड चालतील याचा हिशेब लोक कागदपेन्सिल घेऊन तासन्‌तास करतात. आपल्या घरातून रोज सकाळी खरेखुरे ओझे घेऊन एक मूल बाहेर पडते, आणि खरेखुरे भारे घेऊन आई बांधीत उतरते. त्यांच्यासाठी काट्यावर एकदा उभे राहायला पाच मिनिटे लागतात. येत्या शनिवारी शाळेत काटा आणा, आणि मुलांची दप्तरे तोलून झाली की घरातल्या मोठ्या माणसांचे भारेही त्याच काट्यावर तोलून पाहा.