बारमासा : चित्रातील ऋतुचक्र

ओर्छ्याचा कवी केशवदास याने 1601 च्या सुमारास 'कविप्रिया' हा ग्रंथ रचला. त्यातील बारमाशात प्रवासाला निघालेल्या नायकाला नायिका प्रत्येक महिन्याचे वर्णन करून थांबवून धरते. पुढे बुंदी, कोटा आणि पहाडी प्रदेशातील चित्रकारांना या काव्याने बारा चित्रांचा विषय पुरविला.

चित्रकारापुढील अडचण उघड होती. उकाडा किंवा गारवा डोळ्यांना दिसत नाही. तो माणसांच्या वागण्यातून दाखवावा लागतो. म्हणून ज्येष्ठात उन्हाने गलितगात्र झालेले हत्ती व सिंह आपले वैर विसरतात. पौषात शेगडी आणि उबदार वस्त्रे येतात. फाल्गुनात पिचकारी व गुलाल येतो. श्रावणात तर आकाशच चित्राचे मुख्य पात्र बनते. काळ्या ढगांवर सोनेरी रेषेने वीज नागमोडी उमटते आणि तिच्याखालून बगळ्यांची शुभ्र रांग जाते. उत्तरेकडील महिने पौर्णिमेला संपत असल्याने तेथील श्रावण आपल्याकडील श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे.

ही चित्रे निसर्गासमोर बसून काढलेली नव्हेत. अनेक वर्षांचे पावसाळे पाहून मनात साठलेले रूप चित्रकार कागदावर उतरवीत असे. हवेचा संबंध मात्र त्याच्या हाताशीही येई. खळीने एकमेकांवर चिकटवलेले कागद घोटून तो चित्राची पाठ तयार करी आणि रंगात डिंक मिसळी. दमट हवेत हे दोन्ही सावकाश वाळतात आणि कागदाला बुरशीचे भय असते. कोरड्या उन्हाळ्यात रंग झपाट्याने सुकतो आणि डिंक अधिक झाल्यास त्याला तडे जातात. मेघांचे चित्र रंगविणाऱ्यालाही मेघांची धास्ती असे, ती अशी.

आज असे अनेक संच फुटून त्यांची पाने निरनिराळ्या संग्रहालयांत व खाजगी संग्रहांत गेली आहेत. एकटे पान सुंदर दिसते, पण त्यातील युक्तिवाद तुटतो. बाराही महिने प्रवासाला प्रतिकूल आहेत, सबब जाऊ नये, हे नायिकेचे म्हणणे बारा चित्रे क्रमाने पाहिल्यावरच पुरे होते.