चिलिका : पाण्याची खोली आणि पक्ष्यांचे पाय

हिवाळा सुरू झाला की धरणाच्या फुगवट्यावर, गावच्या तळ्यावर दूरदेशीचे पक्षी उतरू लागतात. मग वर्गात एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, ते याच तळ्यावर का येतात? शेजारच्या का नाही?" प्रश्न साधा वाटतो, पण पाणपक्ष्यांच्या संरक्षणाचे सारे मर्म त्यात आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावरील चिलिका सरोवराच्या आधारे आपण त्याचे उत्तर शोधू.

चिलिका हे खाजण सरोवर आहे. समुद्र आणि सरोवर यांच्यामध्ये वाळूचा लांब बांध असून एका अरुंद मुखातून भरतीचे पाणी आत येते. दुसऱ्या बाजूने महानदीच्या दया, भार्गवी आदी शाखा गोडे पाणी आणि गाळ आणतात. म्हणून येथील पाणी मचूळ असते. पावसाळ्यात सरोवर सुमारे १,१६५ चौरस किलोमीटरपर्यंत पसरते, तर उन्हाळ्यात सुमारे ९०० पर्यंत आक्रसते. हे फुगणे आणि ओसरणे पक्ष्यांना फार मोलाचे आहे.

शेकाट्या किंवा तुतवार चिखलात चोच खुपसून किडे टिपतात. तुतवाराला चार बोटे पाणीही जास्त होते. तलवार बदक शेपटी वर करून मान बुडवते. त्याला हातभर पाणी चालते. म्हणजे ज्याचे पाय किंवा मान जेवढी, तेवढ्याच खोलीत त्याचे ताट मांडलेले असते. तळ जवळजवळ सपाट असेल, तर अशी उथळ पट्टी खूप रुंद होते. हजार मीटरला एक मीटर उतार धरला, तर पाणी केवळ १० सेंटिमीटर चढले तरी काठ १०० मीटर मागे सरतो.

सरोवरातील नलबन हे बेट म्हणजे याचेच उदाहरण. 'नल' म्हणजे नळ गवत. पावसाळ्यात हे बेट पाण्याखाली जाते आणि पाणी ओसरताना चिखल उघडा पडू लागतो. नेमके तेव्हाच स्थलांतरित पक्षी येतात. १५.५३ चौरस किलोमीटरचा हा भाग १९८७ मध्ये अभयारण्य जाहीर झाला.

परंतु अभयारण्याच्या सीमा आखून पाणी हुकमत मानत नाही. किनाऱ्यालगतच्या लाटा वाळू सतत पुढे ढकलतात. त्यामुळे चिलिकाचे मुख हळूहळू ईशान्येकडे सरकले आणि उथळ झाले. पाण्याला समुद्र गाठायला लांब, गाळाने भरलेली वाट उरली. परिणामी भरतीचे खारे पाणी आत कमी येऊ लागले आणि पुराचे पाणी व गाळ बाहेर जाईना. खारटपणा घटताच गोड्या पाण्यातील पाणवनस्पती फोफावल्या आणि उघडा चिखल झाकला गेला. मासळीही घटली. १९८१ मध्ये रामसर करारात आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून नोंदलेले हे सरोवर १९९३ मध्ये धोक्यातील स्थळांच्या मॉन्त्रो यादीत गेले.

यावर उपाय काय? चिलिका विकास प्राधिकरणाने वाळूच्या बांधातून नवे मुख काढायचे ठरवले. त्यासाठीचा जलशास्त्रीय अभ्यास पुण्याजवळच्या खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने केला. २३ सप्टेंबर २००० रोजी नवे मुख खुले झाले आणि समुद्राची वाट १८ किलोमीटरने कमी झाली. भरती-ओहोटी पुन्हा खेळू लागली, तणांचा विस्तार घटला. १९९९-२००० मध्ये सुमारे १,७०० टनांवर आलेली मासळी २००१-०२ मध्ये सुमारे १२,००० टनांवर गेली. २००२ मध्ये चिलिकाचे नाव मॉन्त्रो यादीतून वगळले गेले.

मात्र पाणी सुधारले म्हणजे काम संपले, असे नाही. उत्तर काठावरील मंगलाजोडी गावात अनेकांचे पोट पक्ष्यांच्या शिकारीवर चालत असे. २००० मध्ये तेथे श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती स्थापन झाली. पक्ष्यांच्या जागा शिकाऱ्याइतक्या कोणाला ठाऊक असणार? त्याच माणसांनी पहारा सुरू केला. पुढे पर्यटकांना नावेतून पक्षी दाखवणे हे त्यांचे उत्पन्नाचे साधन झाले. अलीकडच्या वर्षांत चिलिकातील जानेवारीच्या गणनेत ११ लाखांच्या आसपास पक्षी मोजले गेले आहेत.

हे काम एकदा करून भागत नाही. वाळू आजही सरकते, नद्या आजही गाळ आणतात आणि चक्रीवादळे मुखांची मांडणी बदलतात. म्हणून सरोवराची नाडी सतत पाहावी लागते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. ताटलीसारख्या पसरट ट्रेमध्ये ओल्या मातीचा थर द्या. ट्रेच्या एका टोकाखाली पातळ वही ठेवा आणि खालच्या टोकाला पाणी ओता. काडीवर एक सेंटिमीटरची खूण करा. हा आपल्या पक्ष्याचा पाय. खुणेपर्यंत न बुडणारी पट्टी किती रुंद आहे, ते मोजा. मग वहीऐवजी जाड पुस्तक ठेवून पुन्हा मोजा. उतार वाढताच पट्टी अरुंद झालेली दिसेल. शेवटी मुलांना गावच्या तळ्याकडे न्या आणि विचारा : खोलीकरण करताना याचे काठ उभे कापले, तर पाणी वाढेल, पण तुतवार कोठे उभा राहील?