स्पंजाचा चुकलेला कप्पा

तुमच्या आजी-आजोबांना विचारून पाहा, त्यांच्या लहानपणी पाटी पुसायला काय असायचं? दप्तरात एक छोटीशी डबी आणि तिच्यात ओल्या स्पंजाचा तुकडा! (डबी हरवली की थुंकी लावून पाटी पुसायची, आणि मग बाईंचा ओरडा खायचा, ते वेगळं.) हे आपल्या ओळखीचे स्पंज बहुतेक कारखान्यात तयार होतात. पण ज्याच्यावरून त्यांना हे नाव पडलं, तो खरा स्पंज समुद्रात राहतो. आणि बरं का, तो चक्क एक प्राणी आहे!

"प्राणी? मग त्याचं तोंड कुठंय? पाय कुठं आहेत?" असं तुम्ही विचाराल. त्याला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, मेंदूही नाही. मोठा झालेला स्पंज एकाच जागी चिकटून बसतो. म्हणून तर कित्येक वर्षं भल्याभल्यांनी त्याला वनस्पतींमध्ये टाकलं होतं. सजीवांना नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनेही सुरुवातीला तेच केलं.

घड्याळाच्या काचेतलं कारंजं

एडिंबरो शहरात रॉबर्ट ग्रँट नावाचे एक डॉक्टर होते. समुद्रकिनारी हिंडून जलचर गोळा करायचा त्यांना भारी नाद. १८२० ते १८३० या दशकात त्यांनी जिवंत स्पंजाचा एक तुकडा समुद्राच्या पाण्यासकट घड्याळाच्या काचेत ठेवला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. पाहतात तो काय, स्पंजाच्या एका भोकातून पाण्याची धार सारखी बाहेर पडत होती! तिच्याबरोबर बारीकसारीक कचराही फेकला जात होता. जणू जिवंत कारंजंच.

असंख्य बारीक छिद्रांतून पाणी आत घ्यायचं, त्यातलं अन्न गाळून खायचं आणि उरलेलं पाणी मोठ्या भोकातून बाहेर सोडायचं, असा हा संसार. पाणी ओढायचं काम आतल्या 'कॉलर पेशी' करतात. प्रत्येक पेशीला चाबकासारखी एक शेपटी असते आणि ती सारखी हलत असते. ग्रँट यांनी या प्राण्यांना 'पोरिफेरा', म्हणजे छिद्रं धारण करणारे, असं नाव दिलं. तुमच्या पुस्तकात तोच 'रंध्रीय प्राणीसंघ' म्हणून भेटतो. १८२६-२७ च्या सुमारास ग्रँट यांच्याबरोबर किनाऱ्यावर हिंडायला एक विद्यार्थी असायचा. तो कोण, माहीत आहे? चार्ल्स डार्विन!

सुयांवरून ओळख

चला, प्राणी तर ठरला. पण हजारो प्रकारचे स्पंज एकमेकांपासून ओळखायचे कसे? रंगावर जावं तर एकाच जातीचे स्पंज वेगवेगळ्या रंगांचे असतात. आकारावर जावं तर पाण्याच्या ओघाप्रमाणे आकारही बदलतो. म्हणून शास्त्रज्ञ पाहतात स्पंजाच्या अंगातल्या सूक्ष्म सुया. त्यांना म्हणतात कंटिका.

काही स्पंजांच्या कंटिका चुन्याच्या असतात. 'काच-स्पंजां'च्या कंटिका सिलिकेच्या असतात आणि त्यांना सहा टोकं असतात. उरलेल्या बहुतेकांच्या कंटिकाही सिलिकेच्याच, पण त्यांना सहा टोकं नसतात. अंघोळीच्या स्पंजात तर कंटिका नसतातच, नुसते मऊ तंतू! अशा खुणांवरून आज स्पंजांचे चार वर्ग मानतात आणि त्यांत नऊ हजारांहून जास्त जिवंत जातींची नोंद झाली आहे.

दगडातल्या चांदण्या

आता खरी गंमत पुढेच आहे. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या चुनखडकांत एक विचित्र जीवाश्म ढिगांनी सापडतो. त्याचं नाव स्ट्रोमॅटोपोरॉइड. नाव उच्चारताना जीभ अडखळली ना? शास्त्रज्ञही याच्यापाशी असेच अडखळले होते. सुमारे ४४ ते ३६ कोटी वर्षांपूर्वी या जीवांनी समुद्रात प्रचंड खडक रचले होते. कापून पाहिलं तर पापुद्र्यावर पापुद्रे, आणि वरच्या बाजूला ठिकठिकाणी चांदणीसारखी नक्षी. ही चांदणी कशाची, ते काही केल्या उमगत नव्हतं. कुणी म्हणे हे प्रवाळ, कुणी म्हणे हायड्राचे भाऊबंद. स्पंज म्हणावं तर स्पंजाला असा दगडी सांगाडा कधी असतो का?

या कोड्याचं उत्तर जमैका बेटाजवळच्या समुद्रात दडलं होतं. थॉमस गोरो हे शास्त्रज्ञ पाठीला हवेची टाकी बांधून तिथल्या प्रवाळ खडकांत बुड्या मारत. १९६० नंतरच्या काळात त्यांना खडकांखालच्या अंधाऱ्या गुहांत काही जीव दिसले. खाली संगमरवरासारखा टणक दगड आणि वर जिवंत मांसाचा पातळसा थर. त्यांतला एक होता सेराटोपोरेला. १९११ साली सिडनी हिक्सन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी त्याची नोंद प्रवाळांच्या नात्यातला म्हणून केली होती. येल विद्यापीठाचे विलार्ड हार्टमन आणि गोरो यांनी तो जिवंत असताना तपासला. त्याच्या अंगात सिलिकेच्या कंटिका होत्या. पाणी छिद्रांतून आत जात होतं आणि चांदणीसारख्या पन्हाळींतून एका भोकाकडे येऊन बाहेर पडत होतं. म्हणजे हा होता स्पंज!

आणि दगडातल्या चांदण्या? त्याही अशाच, पाणी बाहेर सोडणाऱ्या पन्हाळी होत्या! पाणी कोट्यवधी वर्षांपूर्वीच आटलं होतं, पन्हाळींचे ठसे तेवढे राहिले होते. १९७० साली या दोघांनी आपलं काम सविस्तर प्रसिद्ध केलं. आज बहुतेक शास्त्रज्ञ स्ट्रोमॅटोपोरॉइडना स्पंजच मानतात.

नवा कप्पाही मोडला

हार्टमन आणि गोरो यांनी अशा दगडी स्पंजांसाठी वेगळा वर्गच केला. त्याचं नाव स्क्लेरोस्पंज. झालं, कोडं सुटलं असं तुम्हाला वाटेल. पण नाही! पुढे झाँ व्हासले या फ्रेंच शास्त्रज्ञांनी आणि इतरांनी बारकाईने पाहिलं, तेव्हा वेगळंच दिसलं. हे सगळे दगडी स्पंज एका घरातले नव्हतेच. सेराटोपोरेलाचं जवळचं नातं मऊ अंगाच्या एका स्पंजाशी जुळलं, तर पॅसिफिक महासागरातल्या दुसऱ्या एका दगडी स्पंजाचं नातं निघालं प्रवाळ पोखरणाऱ्या स्पंजांशी.

असं कसं? वटवाघळाला पंख असतात, चिमणीला असतात, फुलपाखरालाही असतात. म्हणून काय ते एका कुटुंबातले झाले? तसंच इथे झालं. वेगवेगळ्या स्पंजांनी आपापल्या वाटेने दगडी सांगाडा मिळवला होता. शेवटी तो नवा वर्ग रद्द झाला. 'स्क्लेरोस्पंज' हा शब्द आज वापरतात, पण नुसतं टोपणनाव म्हणून.

एका सेंटिमीटरला पन्नास वर्षं

"एवढी उठाठेव कशाला? कुठल्याही कप्प्यात ठेवा की!" असं कुणी म्हणेल. पण ऐका. सेराटोपोरेलाचा सांगाडा वर्षाला साधारण ०.२ मिलिमीटर वाढतो. तुमच्या पट्टीवरचा एक सेंटिमीटर वाढायला त्याला पन्नास वर्षं लागतात! त्या वेळच्या समुद्राच्या तापमानाची खूण प्रत्येक थरात राहते. प्वेर्तो रिको बेटाजवळच्या अशा स्पंजांवरून सुमारे तीनशे वर्षांच्या तापमानाचा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झाला. पृथ्वी आपण समजतो त्यापेक्षा जास्त तापली आहे, असं ते संशोधक म्हणतात. एकाच भागातल्या स्पंजांवरून साऱ्या पृथ्वीबद्दल बोलता येणार नाही, असं इतर काही शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. हा वाद अजून चालू आहे. पण हा जीव कोण, तो कसा वाढतो, हे आधी नीट ओळखलं नसतं, तर ही तीनशे वर्षांची वही कुणी उघडलीच नसती.

करून पाहा

घरातल्या दहा छोट्या वस्तू गोळा करा : चमचा, बटण, शंख, खडू, खोडरबर, प्लॅस्टिकचं फूल, खरं फूल, असं काहीही. आधी रंगावरून त्यांचे गट पाडा आणि लिहून ठेवा. मग आकारावरून पाडा. शेवटी वस्तू कशाची बनली आहे, यावरून पाडा. तिन्ही याद्या जुळतात का? प्लॅस्टिकचं फूल कुठल्या यादीत खऱ्या फुलाशेजारी बसलं आणि कुठल्या यादीत खोडरबराच्या जवळ गेलं? यावर आई-बाबांशी जरूर वाद घाला. जिंकलात तर उत्तमच, पण हरलात तरी याद्या फाडू नका. नवी वस्तू सापडली की पुन्हा काढून बघा!